सनद, सरंजाम आणि वहिवाट : नगरहवेलीच्या दोन दाव्यांचा इतिहास

१

दिवाणी दाव्यांचा इतिहास हा वाङ्मयविषयक पत्रिकेत मांडण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. फौजदारी खटल्यात निदान नाट्य असते. दिवाणी दाव्यात कागद असतात, तारखा पडतात आणि पिढ्या सरतात. परंतु दिवाणी दावा हा बहुतांशी शब्दांच्या अर्थाविषयीचा वाद असतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे ही शंका उरत नाही. कोणी कोणास काय दिले, ते कोणत्या शब्दांनी दिले, आणि घेणाऱ्याने ते पुढे कसे उपभोगले, या तीन प्रश्नांभोवती जमिनीचे आणि वाटांचे बहुतेक दावे फिरत असतात. यांपैकी पहिले दोन प्रश्न भाषेचे आहेत. तिसरा वहिवाटीचा आहे. सनद एक सांगते आणि वहिवाट दुसरेच सांगते, असे जेथे घडते तेथे न्यायाधीशाची खरी परीक्षा असते.

या परीक्षेची दोन मोठी उदाहरणे आमच्या नगरहवेलीच्या भूमीने पुरविली आहेत. पहिला दावा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९५५ साली दाखल झाला आणि १९६० साली निकाली निघाला. दुसऱ्याचे मूळ १९७४ सालच्या एका हुकुमात आहे. तो वाद सिल्वासाच्या न्यायालयापासून वर चढत २०२५ साली दिल्लीत संपला. पहिल्यात दोन राष्ट्रे उभी होती, दुसऱ्यात जमिनीचे धारक आणि सरकार. पहिल्यात कागद मराठी होता, दुसऱ्यात पोर्तुगीज. तथापि दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता : दिलेल्या कागदाने नेमके काय दिले, आणि त्यानंतर उलटलेल्या काळाने त्यात किती भर घातली?

सिल्वासाला लागून असलेले सामरवरणी हे गाव २०११ च्या जनगणनेत शहरी वस्ती म्हणून नोंदले गेले. कारखान्यांच्या आणि चाळींच्या गर्दीत त्याचे जुने रूप आज ओळखू येत नाही. पण दादरा आणि नगरहवेली मिळून जी ७२ गावे मोजली जातात, त्यांपैकी हे एक होय. दादरा, देमणी आणि तिघरा ही ३ गावे दादरा या तुकड्यात, उरलेली ६९ नगरहवेलीत. दमणचा किनारा एकीकडे, दादऱ्याचा तुकडा मध्ये, नगरहवेली आत. आणि या तिन्हींच्या दरम्यान परक्या सत्तेची जमीन. ही विचित्र रचना नकाशावर कशी आली हे सांगितल्यावाचून पुढील दाव्यांचा उलगडा होणार नाही.

२

इ. स. १७७९ साली पुण्याच्या गादीवर सवाई माधवराव हे पाच वर्षांचे बालक होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. इंग्रजांशी युद्ध चालू होते. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावरील दुसऱ्या टोपीकरांना मित्र करून ठेवणे हे दरबाराला इष्ट होते. पोर्तुगीजांच्या वतीने नारायण विठ्ठल धुमे हे वकील पुण्यात बोलणी करीत होते. त्या बोलण्यांचे फळ म्हणजे १७ डिसेंबर १७७९ चा तह. त्याच्या सतराव्या कलमात पोर्तुगीजांना दमण प्रांतात वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाची तजवीज करून देण्याचे ठरले. पुढे १७८३ आणि १७८५ साली सनदा होऊन गावे त्यांच्या हवाली झाली.

आता मराठी राज्यातील देणग्यांचे प्रकार ज्यांनी अभ्यासिले आहेत, त्यांना येथे शब्दाची निवड किती महत्त्वाची आहे हे सांगावयास नको. इनाम ही एक गोष्ट, सरंजाम ही दुसरी. इनामाच्या सनदेत देणारा हात सैल सोडतो. गाव ‘कुलबाब कुलकानू’ दिला जातो. ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ अशी सविस्तर गणना होते. पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने उपभोग घ्यावा असे स्पष्ट लिहिले जाते. सरंजामाची भाषा याहून निराळी. सरंजाम या फारसी शब्दाचा मूळ अर्थच सामग्री, तरतूद असा आहे. चाकरीसाठी, फौजेच्या बेगमीसाठी किंवा स्नेह राखण्यासाठी अमुक रुपयांचा वसूल अमुक गावांवर नेमून द्यावयाचा, याचे नाव सरंजाम अथवा जहागीर. गाव दुमाला होतो, वसूल घेणारा बदलतो, पण धनी बदलत नाही. सरंजाम धन्याच्या मर्जीवर चालतो. सरंजामदार मेल्यावर तो नव्याने करून घ्यावा लागतो, आणि कारण पडल्यास जप्तही होतो.

मराठी राज्याच्या लेखनपद्धतीत या दोहोंखेरीज तिसराही एक प्रकार होता, तो म्हणजे मुलूख कायमचा तोडून देणे. परराज्याशी तह करताना जेथे राज्याचा भाग सर्वाधिकारांसह सोडावयाचा असे, तेथे तसे शब्द घातले जात. पुण्याचे कारकून शब्दांच्या बाबतीत गबाळे नव्हते. जे द्यावयाचे ते मोजून द्यावे आणि जे राखावयाचे ते न बोलता राखावे, ही त्यांची रीत होती. तेव्हा १७७९ च्या तहात आणि पुढील सनदांत जहागीर आणि सरंजाम हे शब्द आले, ते अनवधानाने आले असे म्हणता येत नाही. दरबाराने फिरंग्यांना बारा हजारांचा वसूल दिला. ७२ गावांचे राज्य दिले नाही.

३

परंतु कागद एका ठिकाणी राहतो आणि काळ पुढे जातो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि भोवतालच्या मुलखात मराठ्यांच्या जागी इंग्रज आले. त्यांनी पाहिले तेव्हा या गावांचा संपूर्ण कारभार पोर्तुगीजांच्या हाती होता. ते वसूल घेत, न्याय करीत, अंमलदार नेमीत आणि स्वतःला तेथील राजे म्हणवीत. मूळ धन्याचा वारस या नात्याने इंग्रजांना सनद बाहेर काढून जाब विचारता आला असता. त्यांनी तो विचारला नाही. पोर्तुगीजांचे राज्य त्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केले नाही, पण अमान्यही केले नाही. असे करता करता वसुलाची जहागीर राज्याच्या वेशात वावरू लागली. दमणच्या गव्हर्नराच्या हाताखाली ‘प्रगणा नगर-आवेली’ अशी तिची पोर्तुगीज दप्तरी नोंद झाली. आमचाच ‘परगणा’ आणि आमचीच ‘हवेली’ परक्या उच्चारात परक्याच्या मालकीच्या झाल्या, हे त्या नावातच दिसते.

राज्य असे अंतर्भागात अडकले म्हणजे वाटेचा प्रश्न उभा राहतो. दमणहून दादऱ्याला आणि दादऱ्याहून नगरहवेलीला जाण्यास इंग्रजी मुलूख ओलांडल्यावाचून मार्ग नव्हता. सव्वाशे वर्षे लोक ही वाट चालले. व्यापारी गेले, गाड्या गेल्या, पोर्तुगीजांचे मुलकी अंमलदार गेले. जकातीचे आणि बंदोबस्ताचे सामान्य नियम पाळले म्हणजे त्यांना कोणी अडवीत नसे. शस्त्रधारी माणसांची गोष्ट मात्र वेगळी होती. २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने एका सरकारच्या सशस्त्र फौजेने दुसऱ्याच्या हद्दीत, काही ठराविक कारणे वगळता, रीतसर विनंती केल्याशिवाय येऊ नये असे ठरविले. १८९० साली मुंबई सरकारने अशी विनंती न होता शस्त्रधारी लोक जातात अशी तक्रार केली, तेव्हा गोव्याच्या गव्हर्नर-जनरलने पूर्वपरवानगीवाचून आपली फौज इंग्रजी हद्द ओलांडीत नाही, असे उत्तर दिले. १९४० साली पोलिसांपुरती थोडी सवलत झाली : दहापर्यंत शिपाई गेल्यास गेल्यानंतर चोवीस तासांत कळवावे, दहाहून अधिक असतील तर पूर्वीप्रमाणे आधी संमती घ्यावी.

हा हिशेब वाचकास किरकोळ वाटेल. एका आडवाटेवरून दहा शिपाई गेले काय आणि अकरा गेले काय, त्याचा इतिहासाशी संबंध कोणता? पण पुढे जगातील पंधरा न्यायाधीश ज्या प्रश्नावर आठ विरुद्ध सात असे दुभंगले, त्या प्रश्नाचे उत्तर याच चिठ्ठ्याचपाट्यांतून निघाले.

४

१९५४ च्या जुलैमध्ये दादऱ्याची आणि २ ऑगस्टला सिल्वासाची पोर्तुगीज सत्ता स्वातंत्र्यसैनिकांनी उलथून टाकली. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, संगीतकार सुधीर फडके अशी ठाऊक असलेली नावे या लढ्याशी निगडित आहेत. त्यांची कथा अन्यत्र पुष्कळांनी सांगितली आहे. आमच्या विषयापुरते एवढे पुरे की, या उठावाच्या सुमारास भारत सरकारने आपल्या हद्दीतून पोर्तुगीजांना जाऊ देण्याचे थांबविले, आणि दमणहून कुमक पाठविणे पोर्तुगालला अशक्य झाले.

पोर्तुगालने मग न्यायालयाची वाट धरली, आणि ती कशी धरली हे दिवाणी कामकाजाचे नियम शिकणाऱ्याने पाहण्यासारखे आहे. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला. १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचे घोषणापत्र दिले. २२ डिसेंबरला दावा दाखल केला. भारताने १९४० च्या आपल्या घोषणापत्राने हा अधिकार आधीच मान्य केलेला होता. भारतावर दावा लावता यावा म्हणून ज्या दारातून आत शिरावयाचे ते दार तीन दिवसांत उघडून पोर्तुगाल आत शिरला. भारताने ७ जानेवारी १९५६ रोजी जुने घोषणापत्र रद्द करून नवे केले, पण तोवर दावा नोंदला गेला होता.

आमच्याकडील दिवाणी न्यायालयात प्रतिवादी आपल्या कैफियतीत प्रथम न्यायालयाला हा दावा चालविण्याचा अधिकारच नाही अशी हरकत घेतो. भारतानेही तेच केले. अशा सहा प्राथमिक हरकती होत्या. २६ नोव्हेंबर १९५७ च्या निकालाने न्यायालयाने त्यांपैकी चार फेटाळल्या आणि उरलेल्या दोन मुख्य मुद्द्यांबरोबर ऐकावयाच्या ठरविल्या. पुढे त्याही नामंजूर झाल्या. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांच्या नेतृत्वाखाली वकिलांची तुकडी होती. या दाव्यापुरते भारताचे नियुक्त न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला बसले. पोर्तुगालतर्फेही तसाच एक न्यायाधीश होता.

पोर्तुगालने आपला हक्क ज्या आधारांवर उभा केला, त्यांत सर्वांत जुना आधार मराठ्यांचा तह होता. जो हक्क सांगतो त्याने तो शाबीत करावा, हा नियम हेगलाही तितकाच लागू. म्हणून अठराव्या शतकातील मराठी कागद, त्यांचे पोर्तुगीज आणि इंग्रजी तर्जुमे, असा पसारा इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषांत काम चालविणाऱ्या न्यायालयापुढे मांडला गेला. तहाच्या निरनिराळ्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत आणि उभय पक्षांनी मान्य केलेली एकही प्रत नाही, अशी भारताची हरकत होती. यावर न्यायालयाने दिलेले उत्तर इतिहासाच्या अभ्यासकाला समाधान देणारे आहे. अठराव्या शतकातील हिंदुस्थानात झालेल्या तहाची वैधता पुढे हळूहळू रूढ झालेल्या रिवाजांवरून ठरवू नये, आणि खुद्द मराठ्यांनी तो तह बंधनकारक मानून अंमलात आणला एवढे पुरे, असे त्याने म्हटले.

तह खरा ठरला. मग त्याने दिले काय? येथे जहागीर आणि सरंजाम हे शब्द न्यायासनापुढे आले. मुलूख कायमचा द्यावयाचा असेल तेथे मराठे तसे पुरेसे शब्द वापरीत, याचे दाखले इतर तहांतून दाखविण्यात आले. न्यायालयाने ठरविले की सतराव्या कलमाच्या भाषेतून राज्याचे दान निघत नाही. सनदांनी दिला तो १२,००० रुपयांचा वसुली सरंजाम. आणि अशा देणगीचा अर्थ कोणी राज्यदान असा लावल्याचा एकही दाखला पुढे आलेला नाही. पोर्तुगालने आणखी एक मुद्दा काढला होता. गावांत बंड झाल्यास ते मोडण्याचा अधिकार सनदेने दिला आहे, यावरून राज्याधिकार सिद्ध होतो, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने हाच मुद्दा उलटून लावला. जो स्वतः राजा झाला त्याला आपल्या मुलखातील बंड मोडण्याची परवानगी दुसऱ्याने कशाला द्यावी? ती द्यावी लागली, त्यावरूनच धनी दुसरा होता हे दिसते. पुण्याच्या दप्तरातील एखादा वृद्ध कारकून हे ऐकून संतोषला असता.

५

परंतु निकाल येथे संपला नाही. सनदेने राज्य दिले नव्हते, हे खरे. पण १८१८ नंतरच्या काळाने काय केले? न्यायालयाने उत्तर दिले की इंग्रजांनी पोर्तुगीजांचा अनन्य अंमल कधी वादात आणला नाही, आणि म्हणून तो प्रत्यक्ष वर्तनाने आणि गर्भितपणे मान्य केला. पुढे भारतानेही तो मूकपणे मानला. जे सनदेने मिळाले नव्हते ते वहिवाटीने मिळाले. शब्दांचा अर्थ भारताच्या बाजूने लागला आणि काळाचा अर्थ पोर्तुगालच्या बाजूने.

मग वाटेचा प्रश्न. दोनच राष्ट्रांमध्ये रूढी निर्माण होऊ शकत नाही, असे भारताचे म्हणणे होते. दीर्घ काळच्या आचाराने रूढी सिद्ध होत असेल तर त्या राष्ट्रांची संख्या दोनाहून अधिकच असली पाहिजे असे का, असा प्रश्न न्यायालयाने केला, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत स्थानिक रूढीचे तत्त्व आमच्या या वाटेवरून रूढ झाले. खाजगी माणसे, मुलकी अंमलदार आणि सर्वसाधारण माल यांना सव्वाशे वर्षे अखंड वाट मिळत आली, म्हणून १९५४ साली पोर्तुगालला तेवढा हक्क होता, असा निकाल ११ विरुद्ध ४ मतांनी झाला. तोही भारताच्या नियंत्रणाच्या अधीन राहून. सशस्त्र फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे-दारूगोळा यांच्याबाबत मात्र हक्क नाही, असे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. कारण त्यांची वाट प्रत्येक वेळी परवानगीने उघडत होती. आणि १९५४ च्या खळबळीत भारताने वाट बंद केली ती आपल्या नियंत्रणाच्या अधिकारात, म्हणून भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. दिनांक होता १२ एप्रिल १९६०.

हा तर्क आमच्या शेतकऱ्यास परका नाही. बांधावरून जाणाऱ्या गाडीवाटेचा तंटा ज्या गावात झाला नाही असे गाव विरळा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने सांगितले आहे की, दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याची वाट वीस वर्षे शांतपणे, अखंडपणे आणि हक्क म्हणून वापरली तर तो हक्क पक्का होतो. जमीन सरकारची असेल तर तीस वर्षे लागतात. पण ‘हक्क म्हणून’ हे तीन अक्षरांचे आणि दोन अक्षरांचे शब्द फार मोलाचे आहेत. शेजाऱ्याला विचारून जाणारा शंभर वर्षे गेला तरी त्याची वाट परवानगीचीच राहते. हेगच्या न्यायाधीशांनी हा कायदा लावला नाही, परंतु शिपायांच्या वाटेबद्दल त्यांनी केलेला विचार त्याच जातीचा आहे. १८९० सालचे गोव्याचे उत्तर म्हणजे ‘आम्ही विचारल्याशिवाय जात नाही’ ही कबुलीच होती, आणि सत्तर वर्षांनी ती कबुली देणाऱ्याच्याच अंगावर आली.

याच प्रकरणाची एक दुसरी बाजूही आमच्या कायद्यात आहे. शेताची वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे जावे लागते. जो वेळेवर बोलत नाही त्याचा हक्क दुबळा होतो. १८१८ नंतर इंग्रज बोलले नाहीत. त्या मौनाची किंमत भारताला दीड शतकानंतर हेगमध्ये मोजावी लागली.

निकालाने प्रत्यक्षात मात्र काही बदलले नाही. १९५४ ते १९६१ या काळात वरिष्ठ पंचायतीने येथील कारभार चालविला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश भारतीय संघराज्यात आला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा आणि दमण मुक्त झाले आणि ज्या दोन टोकांमध्ये वाट हवी होती ती दोन्ही टोके एकाच देशात आली. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. वादाचा विषय नाहीसा झाला. वादातून निघालेले तत्त्व तेवढे राहिले.

६

१९६१ च्या कायद्याने येथे मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार चालू झाला आणि १९६३ च्या विनियमाने दिवाणी न्यायालयांची घडी बसविली. भोवती गुजरातचा वलसाड आणि महाराष्ट्राचा पालघर जिल्हा. पण सिल्वासाचे अपील मुंबईस जाते, आणि २०२० साली दमण-दीवशी एकीकरण झाल्यानंतरही ते तसेच जाते. त्याच १९६१ च्या कायद्याने, बदल होईपर्यंत जुने कायदे चालू राहतील असेही म्हटले. त्यामुळे पोर्तुगीज अमलातील जमिनीचे कागद नव्या न्यायालयांच्या टेबलावर आले. त्यांत प्रमुख म्हणजे अलवारा.

अलवारा म्हणजे पोर्तुगीज सरकारचे देणगीपत्र. शब्द मूळचा अरबी. आमचा ‘सनद’ हाही अरबीच. एक शब्द समुद्रमार्गे लिस्बनहून आला, दुसरा खुष्कीने दिल्लीहून. आणि एकाच भूमीवर दोघांनी एकच काम केले. १९२० नंतरच्या दशकात अनेकांना पडीक आणि गवताळ जमिनी अशा पत्रांनी मिळाल्या. देणगी मोठी होती, पण तिच्या पोटात अट होती : जमीन लागवडीखाली आणली पाहिजे, न आणल्यास देणगी रद्द होऊ शकेल. १९७१ चा जमीनसुधारणा विनियम अंमलात येण्याच्या सुमारास, १९७४ साली, जिल्हाधिकाऱ्यांनी अटीचा भंग झाला म्हणून काही अलवारे रद्द केले. धारक न्यायालयात गेले.

धारकांचे म्हणणे ऐकताच हेगचा निकाल आठवतो. इतकी वर्षे कोणत्याही सरकारने अटीबद्दल कारवाई केली नाही, म्हणजे भंग मूकपणे मान्य केला, आता तो उकरून काढता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खालच्या न्यायालयांत धारकांना यश आले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. अलवाऱ्यातील अट जिवंत होती, आणि नुसत्या मौनाने सरकारने आपला रद्द करण्याचा अधिकार सोडला असे होत नाही, हे ठरले. हुकुमापासून अखेरच्या निकालापर्यंत ५१ वर्षे लागली.

हेगमध्ये मौनाने राज्य दिले आणि दिल्लीत मौनाने शेतही दिले नाही, हा विरोध कसा समजावयाचा? आमच्या मते तो वरवरचा आहे. १८१८ नंतर केवळ इंग्रजांचे मौन नव्हते. त्या मौनासमोर पोर्तुगीजांचा उघड, अनन्य, रोजचा अंमल उभा होता आणि इंग्रज त्याला धरूनच व्यवहार करीत होते. अलवाऱ्याच्या बाबतीत धारकांनी करावयाचे जे कृत्य, म्हणजे लागवड, तेच झाले नव्हते. वहिवाट म्हणजे करणे. काही न केल्याची वहिवाट होत नाही. ज्याने अट पाळली नाही त्याला काळ साक्षीदार म्हणून मिळत नाही. सनद आणि वहिवाट यांचा झगडा होतो तेव्हा न्यायालय काळाची लांबी मोजून थांबत नाही, त्या काळात कोणी काय केले हे विचारते. दोन्ही निकालांचे मर्म हेच, आणि त्या दृष्टीने पाहता ते एकमेकांना पूरकच आहेत.

७

या इतिहासात एक उणीव मात्र बोचल्यावाचून राहत नाही. ज्यांनी ही जमीन कसली ते वारली, धोडिया, कोकणा या दोन्ही दाव्यांत कोठेच पक्षकार म्हणून दिसत नाहीत. १७७९ साली बारा हजारांचा वसूल कोणी कोणास द्यावा हे पुण्यात ठरले. तो पिकविणाऱ्यांचे नाव कलमात नाही. हेगला सव्वाशे वर्षांची वाट मोजली गेली. त्या वाटेवर ज्यांनी ओझी वाहिली त्यांची साक्ष झाली नाही. अलवाऱ्याच्या दाव्यात देणारा आणि घेणारा असे दोघेच होते. २०११ च्या गणनेतही या प्रदेशात निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. त्यांच्या हाती ना सनद होती ना अलवारा. त्यांची होती ती नुसती वहिवाट, आणि तिला कागदाचा आधार नसल्याने ती मोजली जाण्यासच कायद्याची वाट पाहावी लागली. १९७१ च्या विनियमाने कसणाऱ्याकडे लक्ष वळविले, म्हणूनच आम्ही त्याचे महत्त्व वरील निकालांहून कमी मानीत नाही.

दुसरी गोष्ट आम्हा अध्यापकांच्या कर्तव्याची आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर तो खरा मानता येतो, हा पुराव्याचा जुना नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. पण कागद खरा मानला जाणे आणि तो समजणे यांत अंतर आहे. सरंजाम आणि इनाम यांतील भेद जाणणारे, मोडी वाचणारे लोक उपलब्ध होते म्हणून १९६० साली मराठी कागदाला न्याय मिळाला. तसा प्रसंग उद्या पुन्हा आला, आणि कुळाच्या, देवस्थानाच्या, गावठाणाच्या लहान दाव्यांत तो आजही येतो, तर तो कागद वाचून अर्थ सांगणारी माणसे आमच्या शाळांतून निघतील काय? वरच्या इयत्तांत एक इनामाची सनद आणि एक सरंजामाची सनद समोरासमोर ठेवून विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावी. दोहोंतील कोणता शब्द आहे आणि कोणता नाही हे त्यांनीच शोधावे. भाषेचा धडा आणि नागरिकशास्त्राचा धडा असे दोन्ही त्यात एका तासात होतात. आमच्या साहित्यसंस्थांनी अशा निवडक कागदांची शालोपयोगी आवृत्ती काढण्याचे मनावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. बारा हजारांच्या जहागिरीचे राज्य कसे झाले आणि ते राज्य पुन्हा शब्दाच्या कसोटीवर कसे उतरले नाही, हे ज्या मुलाला समजले, तो पुढे स्वतःच्या सातबाऱ्यावर सही करताना तो आधी वाचून पाहील.